मेनूबाईचे पाहुणे

भरती-ओहोटीच्या नोंदी सांभाळणाऱ्या त्या केंद्रात तिला सगळे मेनूबाई म्हणत. तिच्या हुद्द्याचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण पगाराच्या कागदाबाहेर ते कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही. केंद्राच्या वेबसाइटवर डोक्याशी एक पट्टी होती. ‘मुख्यपान’, ‘नकाशे’, ‘आमच्याविषयी’ असं काय काय त्या पट्टीवर लिहिलेलं असे. ती पट्टी म्हणजे मेनू, आणि तो मेनू हिच्या ताब्यात. एक नवा शिपाई पहिल्याच आठवड्यात गंभीर चेहऱ्याने तिच्या टेबलापाशी आला आणि आज जेवायला काय आहे, असं विचारून गेला. त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. तिनेही मनाला लावून घेतलं नाही. असल्या गोष्टींवरून भांडत बसायचं तर माणसाला दुसरं काही करायला वेळच उरायचा नाही.

मुळात ती मेनूबाई नव्हतीच. ती बंदरावरच्या मापघरात निरीक्षक होती. मापघर म्हणजे धक्क्याच्या टोकावरची एक खोली. आत पाण्याची पातळी मोजणारं यंत्र आणि बाहेर पाण्यात उभी केलेली, आकडे रंगवलेली एक उंच काठी. यंत्र आपलं आपण मोजत राहायचं, पण यंत्रावर डोळे मिटून विश्वास कोण ठेवणार? म्हणून दिवसातून काही वेळा बाहेर जाऊन काठीवरचा आकडा स्वतः बघायचा, यंत्राशी ताडायचा आणि काठीवर शेवाळ चढलं की खरवडायचं, हे निरीक्षकाचं काम. वाऱ्याने केस तोंडावर यायचे आणि हात खारट व्हायचे. घर तिथून हाकेच्या अंतरावर. नवरा त्याच बंदरात लाँच चालवायचा आणि सासूबाई खिडकीत बसून दोघांवरही नजर ठेवायच्या. सुनेला यायला जरा उशीर झाला की, “आज समुद्राने सोडलं का लवकर?” असा टोमणा मारून ताट वाढायच्या. टोमणा खाल्ल्याशिवाय त्या घरात जेवण सुरू होत नसे.

मग केंद्रात साइट सांभाळणारी मुलगी नोकरी सोडून गेली. हिला संगणकाचं थोडंफार कळतं असं कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं आणि साहेबांनी बोलावून घेतलं. “दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे,” साहेब म्हणाले होते. “माणूस मिळाला की तुम्ही तुमच्या समुद्रावर मोकळ्या.” माणूस मिळाला नाही. खरं सांगायचं तर कुणी शोधलाच नाही. काम चाललंय म्हटल्यावर कोण कशाला शोधतो? दोन-चार महिन्यांची वर्षं झाली. केंद्र होतं दूरच्या मोठ्या शहरात, तेव्हा भाड्याची एक खोली घ्यावी लागली. आठवडाभर त्या खोलीत राहायचं आणि सुटीच्या दिवशी बस पकडून घरी जायचं. गेल्या गेल्या परतीची पिशवी दाराशी दिसायची, त्यामुळे घरी असूनही ती अर्धी बसमध्येच असायची.

तिचं टेबल तळमजल्यावरच्या खोलीत होतं. तिथे एक खिडकी होती खरी, पण उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत, इतकी जवळ की हात बाहेर काढून प्लास्टर खरवडता यावं. चौदा बंदरांवरच्या पाण्याची पातळी दिवसभर आकड्यांच्या रूपाने तिच्यासमोर येत असे. तिच्या बंदराचीही येई. पाणी चढलं, पाणी उतरलं, सगळं कळायचं. पाणी मात्र दिसायचं नाही.

काम दोन प्रकारचं. एक, मेनू नीट ठेवायचा, म्हणजे कुठल्या पानावरून कुठल्या पानावर जायचं ती वाट आखायची. दुसरं, महिन्याच्या महिन्याला साइटवर किती पाहुणे आले, कुठून आले, कुठल्या वाटेने फिरले आणि कुठून बाहेर पडले, हे बैठकीत सांगायचं. साइट बघायला येणाऱ्याला तिथे पाहुणा म्हणायची पद्धत होती. साहेबांना तो शब्द फार आवडायचा. साहेब माणूस वाईट नव्हता. कुणाचं लग्न असो, कुणाचं आजारपण असो, स्वतः चौकशी करायचा. फक्त आलेखाची रेघ वर जाताना दिसली की त्याचा चेहरा असा खुलायचा, जसा दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने खुलत नसे. रेघ खाली आली तर मग त्या दिवशी कुणी रजेचा अर्ज पुढे करू नये.

आणि रेघ वर जात होती! दोन वर्षांपूर्वी मेनूबाईने साइटवर ‘फोटो’ नावाचं एक पान केलं होतं. बंदरांचे, यंत्रांचे, माणसांचे फोटो. त्यात तिचाही एक होता. मापकाठीजवळ नारिंगी जॅकेट घालून उभी आहे, अर्धा चेहरा केसांनी झाकलेला, आणि कशाला तरी हसतेय. त्याच सुमारास पाहुण्यांचा आकडा जो उसळला तो खाली आलाच नाही. पाहुणे कुठल्या वाटेने फिरतात तेही साफ दिसत होतं. मुख्यपान, मग फोटो, मग नकाशे, मग आमच्याविषयी, आणि परत मुख्यपान. जो तो याच वाटेने. भरतीच्या वेळा आणि पातळीच्या नोंदी, म्हणजे ज्यासाठी मुळात हे केंद्र उभं केलं, त्या पानाकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

“लोकांना आकडे नको असतात, बाई,” साहेब बैठकीत म्हणाले. “लोकांना चित्रं हवीत. पाहुण्याला जे आवडतं ते आधी वाढायचं.”

मग फोटो सगळ्यांत पुढे आले. नकाशे त्यांच्या मागे. साहेबांचं मनोगत त्यांच्या मागे. नोंदींचं पान मागे सरकत सरकत ‘इतर’ नावाच्या कोपऱ्यात, तिथून ‘संग्रह’ नावाच्या पानात आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत जाऊन पडलं. हे सगळं मेनूबाईने स्वतःच्या हाताने केलं. आकडेच तसं सांगत होते, ती काय करणार?

शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारा बसायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. “तुमच्या फोटोसाठी येतात हो लोक,” तो म्हणायचा. “एवढे नकाशे काढून माझी बोटं झिजली आणि भाव कोण खातंय, तर नारिंगी जॅकेट.”

घरी मात्र वेगळीच बोंब होती. नवऱ्याला लाँच काढायला भरतीची वेळ लागायची. तो म्हणायचा, “तुमच्या साइटवर भरतीची वेळ शोधायला बसलं की तेवढ्यात एक भरती येऊन जाते. आम्ही सगळे लाँचवाले सरळ मापघरात फोन करतो.”

“तुम्ही एकटे ओरडताय,” ती म्हणायची. “बाकी हजारो लोक खूश आहेत.”

“असतील. त्यांना कुठे लाँच काढायचीय?”

ती हसून विषय बदलायची. पण बसमध्ये परतताना ते वाक्य डोक्यात घोळत राहायचं.

आणि मग एके दिवशी मापघरातून थोरल्या निरीक्षकांचा फोन आला. त्यांच्याच हाताखाली ती काम शिकली होती. “पोरी, मी निवृत्त होतोय,” ते म्हणाले. “खुर्ची रिकामी होईल. तू आलीस तर बरं, नाहीतर दुसरा कुणी येऊन बसेल. तरणा कुणी आला तर जन्मभर उठायचा नाही बघ.”

तिने त्याच दुपारी अर्ज केला. अर्जावर साहेबांची सही झाली की ती सुटली. सही नाही झाली तर त्या भिंतीकडे तोंड करून निवृत्तीपर्यंत बसायचं, कारण मापघरात माणूस एकच लागतो आणि जागा पुन्हा रिकामी व्हायला एक आयुष्य जावं लागतं. हे तिला कळत होतं, नवऱ्याला कळत होतं, साहेबांनाही कळत होतं.

साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून पुसला. “तुमच्यामुळे पाहुणे एवढे वाढलेत आणि तुम्हालाच सोडू? वरिष्ठ पाहणीला यायचेत. त्यांच्यासमोर हा चढता आलेख ठेवायचाय. तेवढं होऊ द्या, मग बघू.”

“मग बघू” या दोन शब्दांत किती माणसं म्हातारी झाली असतील, त्याची मोजदाद कुठल्या केंद्रात होत नाही.

पाहणी होणार म्हणून दर्शनी हॉलला रंग द्यायचं ठरलं. रंगारी आला, शिडी आली, जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या गेल्या. आणि त्याच आठवड्यात पाहुण्यांचा आकडा दाणकन आपटला. चौथा हिस्सासुद्धा उरला नाही. मेनूबाईने आधी डोळे चोळले, मग संगणक बंद करून चालू केला. आकडा तोच. दुसऱ्या दिवशीही तोच.

साहेब हातात कागद घेऊन स्वतः तळमजल्यावर उतरले. “काय केलंत?”

“काहीच नाही, साहेब.”

“काही न करता एवढी माणसं घर सोडून जातात का? आकडा पूर्ववत होईपर्यंत तुमची सुटी बंद. आणि तो अर्ज तूर्तास विसरा.”

म्हणजे बघा. आकडा वाढत होता म्हणून तिला जाता येत नव्हतं, आणि आता घसरला म्हणूनही जाता येत नव्हतं. आकडा एका जागी थांबला असता तरी साहेबांना काहीतरी कारण सापडलंच असतं. तिला ते त्या दिवशी लख्ख कळलं.

“या रविवारी नाही येत,” तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं.

तो म्हणाला, “बरं.”

“आईंना देता का फोन?”

पलीकडे कुजबुज झाली. “ती नको म्हणते. सगळं ठीक आहे म्हणून सांग, म्हणते. तुला माहितीय तिचं. फोनवर नुसता आवाज येतो, माणूस कुठे येतं, असं तिचं म्हणणं. एकदा व्हिडिओ लावून दिला तर ‘बरी आहेस ना’ एवढं विचारून फोन माझ्याच हातात कोंबला.”

“रागावल्यात का?”

“ती कधी नव्हती रागावलेली?”

दोघंही हसले, पण त्या हसण्यात काही दम नव्हता.

आठवडाभर तिने सगळं तपासलं. साइट कुठे अडत होती का? नाही. एखादं पान मोडलं होतं का? नाही. नकाशेवाल्याने आपल्या परीने मदत केली, म्हणजे तिच्या खुर्चीमागे उभं राहून उसासे टाकले. शेवटी डोकं बधिर झालं तेव्हा ती पाणी प्यायला म्हणून हॉलमध्ये गेली. रंगाचा वास नाकात भरला. भिंतीवर, जिथे मोठा टीव्ही होता तिथे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी लटकत होतं.

“ताई, भिंतीला टेकू नका, ओली आहे,” रंगारी शिडीवरून म्हणाला.

ती टेकली नव्हती. ती त्या गुंडाळलेल्या टीव्हीकडे बघत होती. “हा कधी बंद केलात तुम्ही?”

“पहिल्याच दिवशी. वायर काढून ठेवलीय त्या खिडकीत. का, कुणी बघत होतं का त्याच्यावर काही?”

कुणी बघत नव्हतं. तीच तर गंमत होती. मेनूबाईला हसू फुटलं ते आवरेना. रंगारी आपला कुंचला धरून बघत राहिला.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी साहेबांना हॉलमधल्या टीव्हीवर साइट हवी होती, आणि तीसुद्धा “जिवंत”. एकच पान दाखवत ठेवायचं नाही, पानं आपली आपण बदलत राहिली पाहिजेत. मेनूबाईने ते जमवून दिलं होतं. मुख्यपान, फोटो, नकाशे, आमच्याविषयी, परत मुख्यपान. आकड्यांच्या रांगा हॉलमध्ये चांगल्या दिसत नाहीत म्हणून नोंदींचं पान तिने त्यात घेतलंच नव्हतं. मध्येच अडकू नये म्हणून दर फेरीला सगळं पुसून नव्याने सुरुवात, अशी सोय केली होती. साहेबांनी खूश होऊन तिला एक पेनही दिलं होतं. केंद्रातले बाकी सगळे संगणक तिने मोजणीतून वगळले होते, आपल्याच घरच्यांना पाहुणे म्हणून मोजायचं नसतं म्हणून. टीव्हीला मात्र वेगळं कनेक्शन जोडलं होतं आणि तो वगळायचा राहून गेला. त्यामुळे प्रत्येक फेरीला तो नवा पाहुणा म्हणून दारातून आत यायचा. केंद्र उघडलं की यायचा, बंद झालं की जायचा. सुटीच्या दिवशी पाहुणे का घटतात यावर एकदा अर्धी बैठक खर्ची पडली होती आणि लोक सुटीचा दिवस कुटुंबाला देतात, असा निष्कर्ष निघाला होता!

हसू ओसरलं आणि मग तिला नीट कळलं. दोन वर्षं ती हॉलमधल्या टीव्हीच्या आवडीनिवडी सांभाळत होती. त्याला फोटो आवडतात म्हणून फोटो पुढे, त्याला आकडे आवडत नाहीत म्हणून आकडे तळघरात. खऱ्या माणसांना हवं होतं ते तिने स्वतःच्या हाताने लपवलं होतं. नवरा ओरडून सांगत होता, आणि तिने त्याला हजारो लोकांचा हवाला दिला होता. कान गरम झाले तिचे.

ती तशीच साहेबांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. चूक माझी आहे, हेही सांगितलं. तिला वाटलं होतं, साहेब चिडतील आणि चिडून का होईना, तिला हाकलून देतील. हाकललं तरी वाट बंदराकडेच जाणार होती.

साहेब चिडले नाहीत. ते खुर्चीत खचल्यासारखे बसले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो हा, “आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाही.”

“मी वर जाऊन भाषणं दिलीत, बाई. नव्या मेनूमुळे पाहुणे वाढले, म्हणून. इतर केंद्रांनी आपला मेनू बघून त्यांचे मेनू बदललेत.” त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. तिला पहिल्यांदाच त्यांची कीव आली. मग त्यांनी खण उघडला, तिचा अर्ज बाहेर काढला आणि टेबलावर सरळ करून ठेवला. “हे बघा. रंगाचं राहू द्या, टीव्ही लावा. मेनूला हात लावायचा नाही, आहे तसाच राहू द्या. पाहणी पार पडेल, कुणाचं काही बिघडणार नाही. टीव्ही चालू झाला की मी सही करतो. आजच्या आज.”

“आणि नोंदींचं पान?”

“ते आहे की तिथे. ज्याला हवं तो शोधेल.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं. त्या एका सहीच्या पलीकडे तिचं घर होतं.

ती हॉलमध्ये गेली. रंगारी जेवायला गेला होता. खिडकीत वायर गुंडाळून ठेवलेली होती. तिने ती हातात घेतली. प्लग भोकात घालायचा, एवढंच. मग संध्याकाळची बस, धक्का, शेवाळ, सासूबाईंचा टोमणा. कुणाचं बिघडणार होतं? लाँचवाले मापघरात फोन करतच होते, तिथे तर आता तीच बसणार होती. जगातल्या बाकीच्यांचा ठेका तिने घेतला नव्हता. हे सगळं तिने स्वतःला अगदी व्यवस्थित पटवून दिलं. तरीसुद्धा प्लग लावण्याआधी तिला एकदा बघावंसं वाटलं, टीव्ही वगळून मागे कोण उरतं ते. दोन वर्षांत तिने आपले खरे पाहुणे पाहिलेच नव्हते.

वायर हातात घेऊनच ती टेबलाशी आली.

पाहुणे थोडे होते, पण माणसं होती, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. कुणीतरी आलं, फोटोत गेलं, लगेच बाहेर आलं, नकाशात गेलं, बाहेर आलं, साहेबांच्या मनोगतात शिरलं, घाबरून बाहेर आलं, परत फोटोत. शेवटी निघून गेलं. दुसरं आलं, तेही असंच. शोधायच्या चौकटीत कुणी लिहिलं होतं, “भरती किती वाजता”. उत्तर: काही सापडलं नाही. त्याच माणसाने पुन्हा लिहिलं होतं, “आज भरती किती वाजता आहे”, जणू नीट वाक्य करून विचारलं तर साइट उत्तर देईल. काही सापडलं नाही. तिने बांधलेल्या घरात माणसं दार शोधत फिरत होती, आणि दार तिनेच अडगळीच्या मागे ढकललं होतं. एकच पाहुणा निराळा होता. तिच्याच बंदराकडचा. रोज दुपारी यायचा, सरळ फोटोत जायचा आणि तिथेच बराच वेळ थांबून जायचा. कुणीतरी फोन उघडा टाकून झोपत असेल, असं म्हणून तिने त्याला सोडून दिलं.

त्या “आज भरती किती वाजता आहे” पुढे ती बराच वेळ बसली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, स्वतःचाच. घरी जायचं होतं. मनापासून, अगदी जीव तोडून जायचं होतं. पण ती कोंडलेली होती म्हणून या लोकांनाही कोंडून ठेवून आपण बाहेर सटकायचं, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

तिने वायर खणात टाकली आणि मेनू उघडला. भरतीच्या वेळा सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, दार उघडताच समोर. त्याखाली नोंदी. मग नकाशे. फोटो आणि मनोगत पार शेवटी, ‘इतर’मध्ये, ‘संग्रह’च्या तळाशी. टीव्ही मोजणीतून कायमचा वगळला. मग वर जाऊन साहेबांना सांगितलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. “बरं,” ते म्हणाले. “मग आता पाहुणे वाढेपर्यंत बसा.”

पाहणी झाली. आलेखाची रेघ पडलेली बघून वरिष्ठांनी नाकं मुरडली आणि साहेबांची बढती लांबली. साहेबांना मेनूबाईला काढून टाकता येईना, कारण हे काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि बंदरावर सोडताही येईना, कारण सोडलं असतं तर तिला बक्षीसच दिल्यासारखं झालं असतं. मापघरात एक तरणा निरीक्षक रुजू झाला. थोरल्या निरीक्षकांनी फोन करून सांगितलं, मुलगा चांगला आहे, कामाला चोख आहे, पोरी. ती म्हणाली, फार चांगलं झालं. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडली.

लाँचवाले खूश होते. नवरा म्हणाला, “आता उघडलं की समोर. मी सगळ्यांना सांगतो, माझ्या बायकोने केलंय.” त्याच्या आवाजात अभिमान होता आणि दुसरंही काहीतरी होतं.

पाहुणे आता येत, वेळ बघत आणि जात. इकडेतिकडे फिरणं बंद झालं. फक्त एक जण चुकत होता. तोच बंदराकडचा, दुपारचा. भरतीच्या पानावर जाई, बाहेर येई, नोंदींत शिरे, बाहेर येई, नकाशे धुंडाळी आणि हात हलवत परत जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मेनूबाईला त्याची रुखरुख लागून राहिली. एवढा सोपा मेनू केला तरी याला काय सापडत नाही?

एका दुपारी नवऱ्याच्या नंबरवरून फोन आला. तिने उचलला.

“काय गं, तू कुठे गेलीस?” सासूबाई होत्या.

ती दचकून उभीच राहिली. “आई? काय झालं? हे बरे आहेत ना?”

“त्याला काय धाड भरलीय? जेवून झोपलाय. मी विचारतेय, तू कुठे गेलीस? रोज असायचीस इथे, आता शोधून शोधून जीव गेला माझा.”

“इथे म्हणजे कुठे?”

“अगं तुझ्या त्या ऑफिसात! फोनमधल्या. त्याने मला लावून दिलं होतं, दाबलं की तू यायचीस. नारिंगी कपड्यांत. तो झोपला की बघायचे मी. आता दाबलं की नुसत्या भरतीच्या वेळा येतात. भरती मला खिडकीतून दिसते, ती काय करायचीय? तुला काढून टाकलं की काय तिथून?”

मेनूबाई खाली बसली. समोर भिंत होती.

“ऐकतेस का?”

“ऐकतेय, आई. काढलं नाही मला. आहे मी इथेच.” तिने डोळे पुसले. “फोन कानाला नको, स्पीकरचं बटण दाबा आणि ते पान परत उघडा. चष्मा घातलाय ना? वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात का?”

“हां.”

“त्यांच्यावर दाबा. आता एकदम खाली जा. ‘इतर’ असं लिहिलंय.”

“इतर काय? तू इतरांत?”

“हो. दाबा. आता ‘संग्रह’. दाबलं? आता बोटाने वर सरकवत जा, तळ येईपर्यंत. तिथे बारीक अक्षरांत ‘फोटो’ आहे.”

“एवढ्या आत कुणी टाकलं गं तुला?”

“मीच, आई.”

पलीकडे काचेवर नख घासल्याचा आवाज आला. मग सासूबाई म्हणाल्या, “दिसलीस.”

“आई, मी काय म्हणते—”

“थांब. बोलू नकोस जरा. बघू दे.”

मेनूबाई गप्प झाली आणि पलीकडे बघून होईपर्यंत फोन कानाशी धरून बसून राहिली.